न उजळलेली नस

रेहाना गेली त्या सकाळी मी दहावीच्या परीक्षेच्या हॉलवर होते. पर्यवेक्षकांनी मोबाईल कार्यालयात जमा करायचा असतो, तसा माझाही तिथल्या खणात पडून होता. तिच्या अब्बांचा फोन त्याच्यावर किती वेळा आला आणि बंद झाला, ते मला कळायचं कारणच नव्हतं. आमच्या मुख्याध्यापकांना बातमी लागली होती. पण पेपर सुरू झालेला, माझ्या जागी उभं करायला माणूस नाही, त्यामुळे त्यांनी मला सांगितलं नाही. ते दोनदा दाराशी आले, मुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि निघून गेले. मला वाटलं, भरारी पथक येणार असेल. मी बाकांच्या रांगांमधून फिरत राहिले, पुरवण्या देत राहिले... शेवटची घंटा झाली, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून दिला, तेव्हा त्यांनी माझा फोन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "बाई, शेख मॅडम गेल्या. सकाळीच."

कडा गावच्या बाजारपेठेत तिचं घर. खाली अब्बांचं फळांचं गोडाऊन, वर दोन खोल्या. मी पोचले तेव्हा गल्लीत माणसं जमलेली, पण जनाजा अजून उचलला नव्हता. बायकांनी मला वाट करून दिली. पांढऱ्या कपड्यातून तेवढा चेहरा उघडा होता. कितीतरी महिने कपाळावर कायमची बसलेली वेदनेची आठी तिथे नव्हती. मला रडू आलं नाही. आधी आलं ते हायसं वाटणं, की सुटली बाई एकदाची. रडायला मला पुढे बरेच दिवस लागले.

रेहाना शेख आमच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती, मी मराठी शिकवते. आम्ही एकाच वर्षी रुजू झालो. माझे यजमान इथल्या साखर कारखान्यात असल्याने मी कड्यात राहायला आलेली, ती इथलीच. मुलींचा खो-खो तिने उभा केला आणि तो उभा ठेवणं हे उभं करण्यापेक्षा अवघड होतं. दिवाळी झाली की निम्म्या मुली आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायच्या आणि ऐन स्पर्धांच्या दिवसांत संघ फुटायचा. मग रेहाना शिरूर कासारपर्यंत जाऊन घरोघर बसायची. एकीला मावशीकडे ठेवायला लाव, दुसरीला आजीकडे. आईबाप ऐकेनात तर त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसून राहायची, ऐकेपर्यंत. मैदानावर ती भर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट घालायची, गळ्यापर्यंत चेन ओढून. आम्ही समजायचो, घरची शिस्त असेल.

खरं कारण मला माजलगावला कळलं. स्पर्धेसाठी तिथल्या एका शाळेत आमचा मुक्काम होता, मुलींची आंघोळ उरकून आम्ही दोघी शेवटी राहिलो. तिने माझ्यासमोर सरळ बाह्या वर केल्या आणि हात पुढे धरले. हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या मऊ गाठी, मनगटाच्या वरपासून पार खांद्यापर्यंत. मधेमधे चहाच्या रंगाचे डाग. पाठीवर, पोटावरही तसंच असल्याचं तिने सांगितलं.

"बघून घे, अन् जे विचारायचं ते एकदाच विचार," ती म्हणाली. "लागट हाय का, हेच ना? न्हाई. आईला होतं, माझ्यात आलं. नाव लई लांब हाय, मलाच धड घेता येत न्हाई."

आजाराचं नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस. मज्जातंतूंवर, म्हणजे आपण ज्याला साध्या बोलण्यात नस म्हणतो त्याच्यावर, गाठी उगवत राहतात. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, आयुष्यभर काही करत नाहीत. पण कुठली कधी काय करील याचा भरवसा नसतो. अब्बांनी तिच्यासाठी स्थळं आणली होती. तिने प्रत्येक वेळी पहिल्याच भेटीत स्वतःच सांगून टाकलं आणि त्यातलं कोणी पुन्हा फिरकलं नाही. मला हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण ती एक वाक्य बोलली ते मी विसरू शकत नाही. आपण आपल्या घरात भाडेकरू म्हणून राहतो आणि मालक आतल्या खोलीत बसून रोज एकेक खोली बळकावतो, तसं तिला स्वतःच्या शरीरात वाटायचं. गावात कुजबुज होतीच. एका पालकाने कुणाकडून तरी ऐकून आपल्या मुलीला संघातून काढलं, मैदानावर येऊन, सगळ्यांसमोर. रेहानाने चेन आणखी वर ओढली आणि शिट्टी वाजवून सराव पुढे चालू केला.

मग उजव्या मांडीचं सुरू झालं. मांडीच्या मागे, आत खोल, एक गाठ वाढू लागली. रेहाना बसली की टाचेपर्यंत करंट उतरायचा. इथल्या दवाखान्यात सायटिका म्हणाले, पट्टा दिला. कुणी शेक सांगितला, कुणी तेल. ती बसणंच टाळू लागली. स्टाफरूममध्ये उभी, जेवताना भिंतीला टेकून उभी, जीपमध्ये एका कुल्ल्यावर कलून. नगरला एमआरआय काढायला मी बरोबर होते. त्या नळीत तिला सरकवलं आणि थोड्याच वेळात तिने आतून हातातली घंटी वाजवली. तिला बाहेर काढलं, समजावलं, पुन्हा घातलं, पुन्हा घंटी. ती घामाने भिजली होती. शेवटी तिथल्या माणसाने मला आत थांबू दिलं आणि मी तिचा डावा पाय धरून उभी राहिले, तेव्हा फोटो पुरा झाला.

एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी फोटो बघून स्पष्ट सांगितलं. गाठ कमरेपासून पायात जाणाऱ्या मोठ्या नसेच्या आत आहे. काढायची तर नस तिच्याबरोबर जाईल आणि पाऊल लोंबेल, उचलता येणार नाही. न काढावी तर दुखणं वाढत जाईल आणि पाऊल तसंही हळूहळू जाईल. खेळाच्या शिक्षिकेला ते असं म्हणाले. ती फाईल घेऊन बाहेर आली. पुढचं वर्ष-सव्वा वर्ष तिने कसं काढलं ते मी जवळून पाहिलंय. ती गोळ्या खाऊन मैदानावर उभी राहायची, मुलींना ओरडायची, आणि घरी जाऊन पालथी पडायची. मी म्हणायचे, दुसरीकडे दाखवू. ती म्हणायची, दोन्हीकडून भिंत हाय उषा, तिसरीकडे जाऊन काय नवी भिंत बघायची?

तरी तिला पुण्याला नेलं ते अब्बांनी. ते एरवी तिच्या शब्दाबाहेर नसायचे, पण त्या दिवशी गाडी ठरवून दारात उभी केली आणि खाली पायरीवर बसून राहिले. ती उतरेपर्यंत ते उठले नाहीत.

पुण्याचे डॉक्टर हळू बोलणारे, मध्यम वयाचे. त्यांनी तिला उभ्यानेच बोलू दिलं, बसा म्हणाले नाहीत, इथेच मला ते आवडले. ते म्हणाले की नस म्हणजे एक तार नव्हे. जाड केबलमध्ये बारीक बारीक तारा असाव्यात, तशी ती असते. गाठ त्यातल्या एखाद-दोन तारांमधून उगवते आणि उरलेल्या चांगल्या तारा तिच्या अंगावर ताणल्या जाऊन पसरतात, काही तिच्यात गुरफटतात. उघडल्यावर डोळ्यांना दोन्ही सारखंच पांढुरकं दिसतं, म्हणून चूक होते. पण एक पिवळा रंग असतो. डोळ्यांचे डॉक्टर पडदा तपासायला तो पूर्वीपासून वापरतात. भूल दिल्यावर तो सलाईनमधून द्यायचा. तो रक्तातून सगळीकडे जातो, पण गाठीत झिरपून साठून राहतो, चांगल्या तंतूत फारसा उतरत नाही. मग ऑपरेशनच्या सूक्ष्मदर्शकाला खास फिल्टर लावला की गाठ पिवळी-हिरवी उजळते आणि चांगली नस काळपट राहते. उजळलेलं काढायचं, काळं सोडायचं, आणि प्रत्येक वेळी काढण्याआधी तिथे बारीक विजेचा स्पर्श देऊन बघायचं, पाऊल हलतं का. हलतं म्हणजे तिथे हात लावायचा नाही.

रेहानाने विचारलं, "मला पळता येईल?"

"चालता येईल एवढं मी धरून चालतो, खात्री तीही देत नाही," डॉक्टर म्हणाले. "पळायचं तुम्ही बघा."

तेवढ्यावर ती तयार झाली. या दुखण्यात आजवर कुणी तिचं तिला काही बघायला दिलंच नव्हतं.

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकावर अब्बा तसबीहची माळ ओढत होते आणि मी भिंतीवरचं एकच पोस्टर पुन्हा पुन्हा वाचत होते. तिला बाहेर आणलं तेव्हा अब्बा घाबरले, कारण ती पिवळी झाली होती. चेहरा पिवळा, तळवे पिवळे. लघवीच्या पिशवीत तर ओळी अधोरेखित करायच्या चमकदार पेनासारखा हिरवट पिवळा रंग. "कावीळ झाली का हो हिला?" त्यांनी नर्सला विचारलं. तिने हसून सांगितलं की हा त्या औषधाचाच रंग आहे, उद्यापर्यंत उतरेल. डॉक्टर आले आणि रेहानाला उजव्या पायाची बोटं वर करायला सांगितली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले. स्वतःच्या पायाकडे तिला बघवेना.

"उषा, तू सांग. हलला का?"

"हलला."

"खोटं न्हाई ना?"

मी तिचा हात धरून तिच्या पायापर्यंत नेला, तेव्हा तिने डोळे उघडले.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी तिला संगणकावर ऑपरेशनचं चित्र दाखवलं. मला वाटलं ती तोंड फिरवील. ती वाकून बघत राहिली. अंधारात ठेवलेल्या दिव्यासारखी ती गाठ उजळलेली होती. अन् तिच्या कडेने, मधूनही, काळसर धागे गेलेले, ताणलेले, पण सलग. रेहाना बोट लावून विचारत होती, हे काय, हे काय. डॉक्टर म्हणाले, ही तुमची नस. गाडीत बसल्यावर, हो बसल्यावर, ती म्हणाली, "मला वाटायचं सगळं अंग त्याचंच झालंय. माझं म्हणून काही राहिलंच न्हाई. पण ते काळं बघितलंस का? जे उजळलं न्हाई, ती मी."

तीन-एक महिन्यांनी ती मैदानावर आली ती अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये. मुलींचा सराव थांबला. तिने त्यांना जवळ बोलावलं, हात दाखवले, आजाराचं ते लांबलचक नाव दोनदा अडखळत घेतलं आणि म्हणाली, ज्यांना भ्या वाटतं त्यांनी आत्ता घरी जा, ज्यांना वाटत न्हाई त्यांनी रांगेत बसा. एकही गेली नाही. कुंपणापाशी गवताचा भारा घेऊन थांबलेल्या एका बाईने तिला हातांबद्दल विचारलं, तर तिने तिलाही सांगितलं, जसं रस्ता विचारणाऱ्याला सांगावं. पळायला तिला बराच काळ लागला. उजवं पाऊल किंचित फरफटायचं, पण ती पळाली. ती वर्षं चांगली गेली. संघ जिल्ह्याबाहेर जिंकून आला. ऊसतोडीला गेलेल्या दोन मुलींना तर तिने एका कारखान्याच्या तळावरून, त्यांच्या झोपडीवजा कोपीतून परत आणलं.

मग तिला ओटीपोटात दुखू लागलं. यावेळचं दुखणं वेगळं होतं. बसलं, उभं राहिलं, आडवं झालं, कशानेच फरक पडत नव्हता. तिथली एक गाठ महिन्या-महिन्याला वाढत होती. पुण्याच्या डॉक्टरांनी नवे फोटो बघितले आणि ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. ते म्हणाले, काही गाठी अशा असतात की त्या एका टप्प्यावर स्वभाव बदलतात. आधी तपासणीला तुकडा घेतला, त्यात कॅन्सर निघाला, मग ऑपरेशन ठरलं. तोच रंग, तोच सूक्ष्मदर्शक. पण यावेळी ते आम्हाला वाटलं त्यापेक्षा फार लवकर बाहेर आले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाकावरच बसून राहिले.

त्यांनी आमच्याआधी तिला सांगायचं ठरवलं होतं, तसं तिनेच त्यांच्याकडून कबूल करून घेतलेलं. ती शुद्धीवर नीट आल्यावर ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. गाठीने मोठ्या रक्तवाहिन्यांना आणि नसांना वेढलं होतं आणि त्यातून वेगळं काढता येईल असं काही उरलं नव्हतं. ओढून काढायला गेलो असतो तर टेबलावरच घात झाला असता. म्हणून थांबलो, ते म्हणाले. ती पुन्हा पिवळी दिसत होती आणि यावेळी अब्बांनी कुणाला काही विचारलं नाही.

"त्याचं चित्र हाय?" तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, कशाला बघता. ती म्हणाली, पहिलं दाखवलं तर हेही दाखवा. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आणलं. पडदाभर नुसतं पिवळं, कडेपर्यंत. ती बराच वेळ बघत होती. पहिल्यासारखंच तिचं बोट पडद्यावर फिरत होतं, शोधत. मग तिने बोट मागे घेतलं.

"ह्यात काळं काहीच न्हाई," ती म्हणाली.

परतताना कड्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटून रस्ता अडला होता. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना ऊस सांडलेला. गाडी वळवायला जागा नाही. ती मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी आणि दुपारचं ऊन काचेतून तिच्या तोंडावर. अब्बा उतरून प्रत्येकाला हात जोडत होते, बाबांनो वाट द्या, आत पोरगी हाय. कुणी वाईट नव्हतं, सगळे हात लावत होते, पण ऊस काही सरत नव्हता. ती एकदाच म्हणाली, "अब्बांना आत बोलव. त्यांना असं हात जोडताना मला बघवत न्हाई." मी हाक मारली. ते आले, पुढच्या सीटवर बसले, आणि आम्ही तिघं ऊस उचलला जाण्याची वाट बघत राहिलो.

नंतरचे महिने ती त्या वरच्या खोलीत होती. औषधं दिली, त्यांनी केस गेले, गाठ राहिली. जिना इतका अरुंद की तिला खाली न्यायचं तर खुर्चीला बांधून चौघांनी उचलावं लागे. एकदा तसं नेलं, तपासणीला, सगळी पेठ बघत होती. त्यानंतर तिने खाली उतरायचं नाव काढलं नाही. गोडाऊनमधल्या पिकल्या केळींचा वास वर यायचा आणि तिला त्याने मळमळायचं. अब्बांना ते कळलं तेव्हा त्यांनी केळी ठेवणं बंद केलं.

मी शाळा सुटल्यावर जायचे. एकदा तिच्यासाठी मोसंबी सोलत होते तर ती एकदम चिडली, सोलू नको, ठेव ते, जा तू घरी. मी तशीच बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाली, "तू मघाशी जिना चढून आलीस अन् आता उतरून जाशील. एवढाच राग हाय तुझा. बाकी काही न्हाई." ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी मी जाताना ती म्हणाली, "उद्या येशील ना?" आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही.

एका शनिवारी संघातल्या मुली आल्या. खोलीत मावेनात म्हणून जिन्यात खालपर्यंत पायरीपायरीवर बसल्या. आदल्या आठवड्यात त्या हरल्या होत्या. रडायच्या तयारीने आलेल्या, पण रेहानाने पडल्या पडल्या त्यांना असं झापलं की गल्लीत ऐकू गेलं असेल. कुणी खांब सोडताना उशीर केला, कुणी दिशा कशी चुकवली, प्रत्येकीचं नाव घेऊन. तिने सामना पाहिला नव्हता. कर्णधाराकडून फोनवर सगळं विचारून घेतलं होतं. मुली गेल्यावर ती थकून भिंतीकडे तोंड करून झोपली आणि मला म्हणाली, "मला रडून दाखवू नका म्हणावं त्यांना."

शेवटी शेवटी बोलणं कमी झालं. एकदा मी अब्बांना म्हटलं, डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारून बघू का. ते बाहेर जिन्यात उभे होते. म्हणाले, "बाई, आता कशापायी तिला हलवायचं? तिनं बघितलंय ना डोळ्यांनी. तिला ठाऊक हाय." मग त्यांनी डोळे पुसले आणि आत जाऊन तिला म्हणाले, "बेटा, चाय पियेगी?"

परवा मी पुन्हा त्या घरी गेले होते. अब्बांनी वरची खोली आवरायला काढली होती. गादी गेली, औषधं गेली, खाट तेवढी खिडकीशी होती. खिडकीच्या गजाला जुन्या चादरीची पिळून केलेली दोरी बांधलेली होती, दुसरं टोक खाटेवर लोंबत होतं. कुशीवर वळायला तिला आधार लागायचा म्हणून अब्बांनी ती बांधून दिली होती. कुणी हात लावलेला तिला चालायचा नाही, ती स्वतःच त्या दोरीला धरून वळायची, रोज, दिवसातून कितीतरी वेळा. टोकाकडचं कापड तिच्या तळव्याने चोपडं आणि मळकट झालेलं.

अब्बा म्हणाले, "सोडून बघितली बाई. गाठ सुटत न्हाई. ओढून ओढून लई घट्ट करून ठेवलीय तिनं. कापावी लागंल."

मी म्हटलं, "मग राहू द्या."

"ऱ्हाऊ दिलीय," ते म्हणाले आणि झाडू घेऊन खाटेखालचा केर काढू लागले. मी दोरीचं टोक हातात घेतलं. जिथे तिचा हात असायचा तिथेच माझा आला, कारण तेवढीच जागा मुठीत बसेल अशी दबली होती. मी हळूच ओढून पाहिली, मग जोर लावून. गाठ तसूभर हलली नाही.